कागदावर सगळं बरोबर

सोलापुरात ‘माझा डायचा धंदा आहे’ असं म्हटलं की समोरचा आधी माझ्या बोटांकडे बघतो. बोटांना रंग दिसत नाही, मग गोंधळतो. चादरी-टॉवेलच्या या गावात डाय म्हणजे सूत रंगवणं. लोखंडाला आकार देणारी डाय वेगळी, हे समजावण्यात माझी निम्मी लग्नकार्यं गेली. आता मी सरळ सांगतो, ‘नळ्यांना तोंडं करायची हत्यारं बनवतो.’ माणसं हसतात, पण निदान पुढचा प्रश्न बरोबर विचारतात.

नळी कारखान्यातून येते तशी ती क्वचितच कामाला येते. तिचं टोक कशात तरी बसवायचं असतं. घडीच्या कॉटमध्ये एका पाइपचं टोक आवळून दुसऱ्यात सरकवतात. एसी बसवायला येणारा पोरगा तांब्याच्या नळीचं तोंड कर्ण्यासारखं फुलवतो आणि मग नट आवळतो. डाळिंबाच्या बागेत ट्रॅक्टरमागं जो फवारणीचा ब्लोअर फिरतो, त्याच्या नळीला टोकापासून बोटभर आत एक गोल वळ उठवलेला असतो. रबरी होज त्यावरून चढवून क्लिप आवळली की दाबानं निसटत नाही. आवळणं, फुगवणं, फुलवणं, वळ उठवणं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या माझ्या शेडमध्ये पंचवीसहून जास्त वर्षं एवढंच चाललंय. या वर्षांत काय काय चुकलं याचा खरा हिशेब भंगारवाल्याकडे आहे. तो दर दोन महिन्यांनी येतो, काही विचारत नाही, फक्त वजन करतो.

पहिली चूक इंचाची. डिप्लोमा झाल्यावर पुण्यात चार वर्षं एका टूलरूममध्ये काढली आणि परत येऊन एक जुना लेथ, एक ग्राइंडर आणि हातानं चालवायचा हायड्रॉलिक प्रेस एवढ्यावर सुरुवात केली. वडील गिरणीत जॉबर होते. गिरणी तोवर बंद पडली होती. कर्जाच्या कागदावर त्यांनी न वाचता सही केली. पहिलं मोठं काम मिळालं ते मोहोळकडच्या एका फवारणी यंत्रवाल्याचं. फोनवर म्हणाला, ‘एक इंची पाइपाला टोकाला वळ पाडायची डाय पाहिजे.’ मी वहीत लिहिलं : बाहेरचा व्यास २५.४. रात्रंदिवस बसून डाय केली, हार्डनिंग करून आणली, घासून आरशासारखी केली. तो पाइप घेऊन आला आणि पाइप डायच्या तोंडावरच अडला. मोजला तर ३३.७.

नळवाल्याचा एक इंची पाइप बाहेरून जवळपास ३३.७ मिलिमीटर असतो. त्यातला ‘एक इंच’ हा पूर्वापार चालत आलेला नावापुरता आकडा, आतल्या पोकळीच्या अंदाजाचा. फर्निचरवाल्याचा एक इंच मात्र बाहेरून मोजलेला खराखुरा इंच. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयही मला नाही. डिप्लोमाच्या परीक्षेत मी हाच फरक लिहून पूर्ण मार्क मिळवले होते. पण फवारणीवाला बोलला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं त्याचा पाइप नव्हता, माझी वही होती. ‘काय ओ इंजिनिअर, इंच म्हणजे इंच की!’ तो म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. दुसरी डाय मी फुकट करून दिली. पहिली अजून पडून आहे; दाराला उटी म्हणून लावतो.

त्या सुमारास एक काका माझ्याकडे येऊन बसायला लागले. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. बार्शी लाइट रेल्वे म्हणजे एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं बांधलेली अडीच फुटी छोटी गाडी. ती १८९७ साली धावायला लागली आणि तिच्यासाठी कुर्डुवाडीला हा कारखाना उभा राहिला. काकांचा हात वाफेच्या इंजिनांवर बसलेला. इंजिनाच्या बॉयलरमध्ये धुराच्या नळ्या आडव्या ओवलेल्या असतात. दोन्ही टोकांना त्या जाड पत्र्याच्या भोकांत बसवायच्या, आतून फुगवून घट्ट करायच्या आणि भट्टीच्या बाजूचं टोक बाहेर वळवून कडेला दाबायचं, तेही वाफेचा थेंब न गळता. म्हणजे मी जे नवं म्हणून करत होतो ते काकांनी आयुष्यभर केलेलं. त्यांना मला शिकवायचं नव्हतं. घरी सुनेला त्रास नको म्हणून ते येत. शिकलो नाही तो मी.

ब्लोअरच्या कामानंतर दोन-तीन वर्षांत एक मोठी ऑर्डर आली. शाळेच्या बाकांच्या सांगाड्यासाठी २५.४ चा पाइप, पत्र्याची जाडी १.६. एका पाइपचं तोंड इतकं फुगवायचं की दुसरा तसाच पाइप आत जावा. आतला व्यास २२.२, तो २५.६ करायचा. म्हणजे धातूला शंभरला पंधरा ताणायचं. मऊ लोखंडाला हे जड नाही. हत्यार साधं असतं. मधोमध एक निमुळती सळई, तिच्याभोवती पाकळ्यांसारखे तुकडे. सळई आत सरकली की पाकळ्या बाहेर पसरतात आणि नळीला आतून ढकलतात.

पाकळ्या किती करायच्या, इथं मी कंजूषपणा केला. आठ करायला हव्या होत्या. पाकळ्या वायरकटवर कापाव्या लागतात, त्याचे पैसे तासावर. मी चार केल्या. कागदावर चार पाकळ्यांनीही २५.६ येतच होतं.

चार पाकळ्या पसरल्या की मध्ये चार फटी पडतात. जिथं पाकळी टेकते तिथं नळी तिच्यासारखी गोल होते, फटीवर मात्र ती ताणल्या दोरीसारखी सरळ राहते. तोंड गोल न होता चौकोनाकडे झुकलं. दुसरा पाइप आत जाईना. मी काय केलं? पाकळ्यांची धाव अजून थोडी वाढवली. चौकोनच, पण मोठा चौकोन. आता पाइप जायला लागला आणि दर दहातला एक फाटायलाही लागला. नेमका शिवणीवर.

शिवण म्हणजे या स्वस्त नळ्यांचा जोड. पत्र्याची पट्टी गुंडाळून कडा विजेनं वितळवून एकमेकींत दाबतात. बाहेरून घासून गुळगुळीत करतात, आतून हात फिरवला तर बारीक रेघ लागते. तिथला धातू बाकीच्यापेक्षा कडक, कमी ताणणारा. फाटतंय ते शिवणीवर, म्हणजे दोष नळीचा, हे मला लख्ख दिसलं. पुण्याच्या ज्या व्यापाऱ्याकडून नळ्या घेतल्या होत्या त्याला मी पत्र लिहिलं. साधं पत्र नव्हे. भारतीय मानकाचा क्रमांक घालून, ‘आपला माल निकृष्ट असून आमचं झालेलं नुकसान आपणच भरून द्यावं’ असं, टाइप करून, रजिस्टर पोस्टानं. बाकवाल्याला त्याची प्रत दिली. बाकवाल्यानं ती आणखी चार जणांना दाखवली. आठवडाभर मला स्वतःबद्दल फार बरं वाटत होतं.

काका कोपऱ्यात बसून फाटलेल्या नळ्या बघत होते. त्यांनी खडू मागितला आणि शंभर नळ्यांच्या शिवणीवर तोंडाशी एक-एक रेघ ओढली. मग पोराला सांगितलं, पन्नास नळ्या अशा लाव की रेघ पाकळीच्या मधोमध येईल आणि पन्नास अशा की रेघ फटीवर येईल. पहिल्या पन्नासात एक फाटली. दुसऱ्या पन्नासात चौदा.

‘फटीवर सगळा ताण एका जागी येतो,’ काका म्हणाले. ‘पाकळीवर घासणीनं धातू धरून राहतो, तिथं तो ताणत नाही. तू शिवणीला फटीत उभी करतोस आणि वर शिवणीला शिव्या देतोस.’ मग फाटलेली एक नळी उचलून त्यांनी तिच्या कडेवर माझं बोट फिरवलं. बारीक खरखर लागली. आमचा पोरगा कटिंग चाकावर नळ्या कापायचा आणि कडेची बर न काढताच पुढं द्यायचा. नळी फाटते तेव्हा मधूनच फाटत नाही. कडेवरच्या एखाद्या बारीक खाचेतून सुरुवात होते आणि ती खाच आम्हीच करून देत होतो. कानशीचे दोन हात मारले असते तर निम्म्या वाचल्या असत्या. पण बर काढायला माणूस लागतो आणि माणसाचा पगार मी कोटेशनमध्ये धरलाच नव्हता.

नंतर आठ पाकळ्या केल्या, त्यांच्या कडा गोलावल्या, बर काढायला एक बाई ठेवली, नळी लावताना शिवण वर ठेवायची खूण प्रेसवर रंगवली. फाटणं जवळजवळ थांबलं. नळ्या त्याच व्यापाऱ्याच्या. पत्र मात्र मी मागं घेतलं नाही. घेणार होतो. मग म्हटलं, जाऊ दे, त्यालाही आता विसर पडला असेल.

मध्ये एकदा दुधाच्या टाक्यांना लागणाऱ्या स्टेनलेसच्या नळ्या आल्या, तेव्हा एक धडा झाला. तो लवकर सांगून टाकतो. लोखंडासाठी वापरतो तोच कडक पोलादाचा पंच मी स्टेनलेसला लावला. चाळीस-पन्नास नळ्यांत स्टेनलेसचे कण पंचाला चिकटून बसले. जणू पंचालाच मस आली, आणि पुढची प्रत्येक नळी आतून खरवडली गेली. मी पंच आणखी कडक करून आणला. आणखी वाईट झालं. शेवटी अ‍ॅल्युमिनियम ब्राँझचा, म्हणजे पोलादापेक्षा मऊ पंच केला तेव्हा सुटलो. स्टेनलेसला आपल्या जातीच्या धातूला चिकटायची सवय असते, परक्याला ती तितकीशी नसते. हे कुणीही सांगितलं असतं. मी कुणाला विचारलं नाही.

आता जे सांगायचं ते मी बराच वेळ पुढं ढकललं.

जानेवारीतली गोष्ट. सोलापुरात संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते. सात नंदीध्वज निघतात, सम्मती कट्ट्यावर अक्षता पडतात, आणि त्या दोन-तीन दिवसांत एमआयडीसीत माणूस शोधून सापडत नाही. मला एक ऑर्डर अक्षतांच्या आधी पोचवायची होती. नळीचं टोक आवळायचं काम. वरच्या बाजूला डाय, ती प्रेसच्या सिलिंडरसोबत खाली येते, खाली उभ्या धरलेल्या नळीच्या तोंडावर बसते, तोंड आवळते आणि वर जाते. आवळलेलं तोंड डायमध्ये रुतून बसतं, म्हणून डायच्या पोटात एक पिन ठेवायची असते. डाय वर गेली की पिन नळीला खाली ढकलते. या पिनेला आमच्यात नॉकआउट म्हणतात. मी ती ठेवली नव्हती. पिन, स्प्रिंग, बुश, त्याचं मशिनिंग, सगळं मिळून तेव्हा चारेकशे रुपयांचं काम. ट्रायलला नळ्या तेल लावून घातल्या होत्या, त्या आपोआप सुटल्या. म्हटलं, नको पिन.

तीनशे नळ्यांनंतर डाय थोडी घासली, नळ्या रुतायला लागल्या. डाय वर जाताना नळी तिच्याबरोबर वर उचलली जायची. आमचा हेल्पर डाव्या हातानं ती झटका देऊन खाली ओढायचा. पण प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय प्रेस चालत नाही, हात आत जाऊ नयेत म्हणूनच ती असतात. दर वेळी हात काढा, नळी ओढा, परत दोन बटणं दाबा, यात वेळ जात होता. मी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापली आणि एक बटण बांधून टाकलं. मीच. त्याला म्हणालो, ‘आता एका हातानं चालव, दुसऱ्यानं ओढ. संध्याकाळपर्यंत संपलं पाहिजे.’

वीस वर्षांचा पोरगा होता. घरी तेलुगू बोलणारा, विणकराच्या घरातला. दुपारी साडेतीनच्या सुमारास त्याचा उजवा हात लयीत खाली आला तेव्हा डावा अजून नळीच्या तोंडावर होता. डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं पहिलं पेर गेलं.

दवाखान्याचा खर्च मी केला. पगार दिला, भरपाई दिली. कागदपत्रं सगळी नीट केली. अपघाताचा एक इंग्रजी फॉर्म भरायचा होता. त्यात कारणाचा रकाना होता. त्यात मी लिहिलं : कामगाराचं दुर्लक्ष. फॉर्म भरण्याआधी बटणावरची ट्यूबची पट्टी सोडून ठेवली होती, हेही इथं लिहितो. त्यानं जिथं सांगितली तिथं सही केली, उजव्या हातानं.

तेव्हापासून आमच्या शेडमधून नॉकआउटशिवाय डाय बाहेर जात नाही. पण या वाक्याला फार अर्थ नाही. पिन आधीच्या डायमध्ये हवी होती.

साखर कारखान्यांचं काम मी त्यानंतर घेतलं. तिथं नळ्यांचं काम डोंगराएवढं असतं. सोलापूर जिल्ह्यात उसाचे कारखाने इतके आहेत की गाळप संपल्यावर उन्हाळा-पावसाळाभर नळ्या बदलणाऱ्यांना दुसरं काम शोधावं लागत नाही. रस तापवणारा ज्यूस हीटर म्हणजे एक मोठं पिंप. त्याच्या दोन्ही तोंडांना जाड पोलादी पत्रे, त्यांना ट्यूब प्लेट म्हणतात. प्लेटला शेकडो भोकं आणि भोकांतून आरपार गेलेल्या ४५ मिलिमीटरच्या नळ्या. नळीतून रस वाहतो, बाहेरून वाफ फिरते. नळी प्लेटमध्ये वेल्ड करत नाहीत. आतून रोलर फिरवून फुगवतात आणि ती भोकाच्या भिंतीला घट्ट बसते. हे रोलरचं हत्यार म्हणजे एक्सपांडर. एका पिंजऱ्यात तीन-चार रोलर, मध्ये निमुळती सळई. रोलर जरासे तिरके बसवलेले असतात, त्यामुळं सळई फिरवली की ती आपोआप आत ओढली जाते. वाफेच्या इंजिनांच्या काळात न्यूयॉर्कच्या रिचर्ड ड्युजनचं नाव या हत्याराला चिकटलं. हायड्रॉलिक जॅकवाला ड्युजन तो हाच. मूळ रचना आजही तीच आहे.

या कामाचा हिशेब सुंदर आहे. नळीची जाडी १.२, म्हणजे आतला व्यास ४२.६. भोक ४५.३, म्हणजे नळी आणि भोक यांत ०.३ ची मोकळीक. आतला व्यास ४२.९ झाला की नळी भिंतीला टेकली. त्यापुढं भिंतीवर दाबून जाडी शंभरला सात-आठ इतकी पातळ केली की झालं. तेवढी पुरते, गळत नाही. म्हणजे साधारण ४३.१ वर थांबायचं. टेकल्यापासून थांबेपर्यंतचा सगळा खेळ दोन दशांश मिलिमीटरचा. कमी केलं तर गळतं. जास्त केलं तर नळी टणक होऊन चिरते आणि प्लेटमधलं भोकच मोठं होतं. नळी स्टेनलेसची, प्लेट साध्या पोलादाची. जास्त दाबलं तर प्लेटच हार खाते.

मी एक्सपांडर स्वतः बनवले आणि फुशारकीनं एका हीटरच्या कामाचा ठेकाही घेतला. साडेतीनशेच्या आसपास नळ्या, म्हणजे सातशे तोंडं. एक भोक मोजलं, ४५.३ आलं, ड्रॉइंगमध्येही तेच. सळईवर ४३.१ ला अडणारी कॉलर लावली आणि माणसांना सांगितलं, डोकं लावू नका, कॉलर टेकली की पुढची नळी. माणसांनी डोकं लावलं नाही. चार दिवसांत काम संपलं. पाण्याची टेस्ट घेतली तर तेवीस तोंडं गळत होती.

दसऱ्याच्या आसपास कारखान्यांत बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं. पूजा, भाषणं, पाहुणे. ते आठ दिवसांवर आलं होतं. चीफ इंजिनिअर दोनदा येऊन काही न बोलता गेले. मी घाबरलो आणि घाबरलेला माणूस जे करतो तेच केलं. कॉलर सरकवून ४३.६ वर नेली आणि फक्त गळणारी तेवीस नव्हे, सगळी सातशे तोंडं परत फिरवायला लावली. ‘एकदाच काय ते घट्ट होऊन जाऊ दे.’ दुसऱ्या टेस्टला एकेचाळीस गळली. आदल्या दिवशी कोरडी होती ती.

काकांना मी फोन केला. त्यांची तब्येत बरी नसायची, यायला जमणार नव्हतं. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘भोकं मोजलीस का?’

‘मोजलं की. ४५.३.’

‘एक मोजलंस. भोकं किती आहेत?’

हीटर जुना होता. त्या प्लेटमध्ये नळ्या आधी किती वेळा बदलल्या गेल्या होत्या, देव जाणे. दर वेळी जुनी नळी छिन्नीनं काढताना, नवी फुगवताना भोक थोडं वाढतं. रात्री टॉर्च लावून मी आतून मोजायचं मायक्रोमीटर घेऊन बसलो. रिकामं काही उरलं नव्हतं म्हणून सतरा नळ्या काढायला लावल्या. भोकं ४५.३ पासून ४५.८ पर्यंत होती.

४५.८ च्या भोकात नळी टेकायलाच ४३.४ लागतात. माझी कॉलर ४३.१ ला थांबत होती. ती नळी भिंतीला लागलीच नव्हती, नुसती लोंबत होती. आणि ४३.६ वर नेल्यावर? मोठ्या भोकात काम झक्क झालं, जाडी आठेक टक्के पातळ. पण ४५.३ च्या भोकात तीच कॉलर एकोणतीस टक्क्यांवर गेली. एवढा धातू जाणार कुठं? तो शेजारच्या भोकाकडे सरकला. दोन भोकांमधली प्लेटची पट्टी ढकलली गेली आणि शेजारची चांगली बसलेली नळी सैल झाली. मी एका नळीचं तोंड बंद करत होतो आणि तिच्या चार शेजारणींची उघडत होतो.

पुढचे सहा दिवस झोप नव्हती. प्रत्येक भोक मोजून खडूनं प्लेटवर आकडा लिहिला, सगळी प्लेट शाळेच्या पाटीसारखी झाली. आकड्याप्रमाणं तीन गट, तीन कॉलर. फार मोठ्या भोकांना पातळ बुश. ज्यांची तोंडं चिरली होती त्या बासष्ट नळ्या नव्या. नळ्यांचे पैसे माझे. अग्निप्रदीपन ठरल्या मुहूर्तावर झालं. मी पाहुण्यांच्या मागं उभा होतो आणि भाषणं चालू असताना कान हीटरकडे लावून होतो, जणू पाण्याचा थेंब इथपर्यंत ऐकू येणार आहे. त्या ठेक्यात मला मजुरीही सुटली नाही. पण पुढच्या वर्षी त्याच कारखान्यानं परत बोलावलं. चीफ इंजिनिअर म्हणाले, ‘प्लेटवर आकडे लिहिणारा तूच ना?’ खडू काकांचा, हे मी सांगितलं नाही. तेव्हा काका राहिले नव्हते.

त्यांच्या दहाव्याला कुर्डुवाडीला गेलो होतो. परतताना मनात काय आलं कोण जाणे, दुसऱ्याच आठवड्यात पुण्याला त्या नळ्यांच्या व्यापाऱ्याकडे गेलो. पत्राला बरीच वर्षं झाली होती. मध्यंतरी मी दुसरीकडून माल घेत होतो. त्याच्या दुकानात बसून मी सांगितलं की माल चांगला होता, हत्यार माझं चुकलं होतं, चार पाकळ्या होत्या, बर काढली नव्हती. त्यानं ऐकून घेतलं. मग कपाटातून एक फाइल काढली आणि माझं पत्र टेबलावर ठेवलं. रजिस्टरचं पाकीटसुद्धा सोबत होतं. त्या पत्रामुळं त्याचं सोलापूरचं एक गिऱ्हाईक गेलं होतं, ते परत आलं नव्हतं. ‘तुम्ही मानकाचा नंबर चुकीचा घातला होता,’ तो म्हणाला. ‘तो पाण्याच्या पाइपाचा आहे. ही नळी त्यात बसतच नाही.’ परत एकदा नळवाल्याचा इंच.

चहा दिला. पत्र परत दिलं नाही. आणि त्या दिवसापासून मला बाकीच्यांपेक्षा किलोमागं दोन रुपये जास्त लावतो. मी देतो.

बोट गेलेला पोरगा आता आमच्याकडे सेटर आहे. नवीन हत्यार आलं की नॉकआउट तो तपासतो, डाव्या हाताच्या करंगळीनं पिन दाबून बघतो. दोन मुलं आहेत त्याला. अपघाताच्या फॉर्मची कार्बन कॉपी ऑफिसच्या लोखंडी कपाटात, वरून दुसऱ्या खणात आहे. त्याच खणात तो त्याचा डबा ठेवतो.